घाम वावरात, दाम ओट्यावर



दिवाळीला पुण्या-मुंबईची पोरे गावाकडे येतात आणि पारावर बसून मोठमोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतात. कोणी मोटारीच्या गॅरेजात धंदा सुरू केला, कोणी कॉलेजच्या खोलीत, आणि आज साऱ्या जगात त्यांचे नाव आहे. गोष्टीचा शेवट ठरलेला असतो. "बाबा, त्यांनी रात्रीचा दिवस केला, म्हणून ते तिथवर पोचले." ऐकणारा बाप काही बोलत नाही. मृगापासून त्याने वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी केलेली असते. ज्वारी निसवली की रानडुकरांच्या मागे मचाणावर जागलेला असतो. रात्रीचा दिवस म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको. पण मनात काटा मोडतो तो मोडतोच. कष्टानेच माणूस मोठा होत असेल, तर मी का नाही झालो?

या काट्याबद्दल आज लिहायचे आहे. कारण हा प्रश्न बापाला खाली मान घालायला लावतो आणि पोराला चुकीचा धडा देतो.

पहिली गोष्ट आपल्याच मराठी माणसाची घेऊ. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. १९८५ च्या सुमारास ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे १९९० च्या आसपास स्वतःचे दुकान टाकले. धाकटा भाऊ संजय संगणक शिकला आणि संगणकातला व्हायरस मारणारा प्रोग्राम त्याने लिहिला. तीच क्विक हील. २०१६ च्या फेब्रुवारीत ही कंपनी शेअर बाजारात गेली. या भावांच्या कष्टाबद्दल शंका घेणारा कपाळकरंटाच म्हणावा लागेल. पण हिशेब मांडून पाहा. प्रोग्राम एकदा लिहून झाला की त्याची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही. दहावी प्रत असो की दहा लाखावी. नवे व्हायरस येतात, सुधारणा करावी लागते, हे खरे. पण ती एकदा केली की सगळ्या गिऱ्हाइकांना पुरते. आपल्या पऱ्हाटीचे तसे नाही. पन्नासावा क्विंटल वेचायला पहिल्याइतकीच मजुरी लागते. उलट शेवटच्या वेच्याला जास्तच, कारण बोंडे विरळ झालेली असतात. आणि पुढच्या मृगाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, वर पावसाची मर्जी.

दुसरा फरक याहून मोठा आहे. काटकरांच्या मालावरची किंमत काटकरांनी छापली. कापसाच्या गाडीवर किंमत गाडीवाला लिहीत नाही.

आता ज्या कंपन्यांची नावे पोरे सर्वात जास्त घेतात त्यांच्याकडे पाहा. त्या याही जातीच्या नाहीत. ओला-उबरच्या नावाने पुण्यात ज्या टॅक्सी फिरतात त्या कंपनीच्या नसतात. कर्ज काढून घेणारा ड्रायव्हर वेगळा, आणि पुष्कळदा तो आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातला असतो. ॲमेझॉनवर विकला जाणारा पुष्कळसा माल दुसऱ्या दुकानदारांचा असतो. घेणारा आणि देणारा जिथे भेटतात ती जागा तेवढी कंपनीची. याला इंग्रजीत प्लॅटफॉर्म म्हणतात. प्लॅटफॉर्म म्हणजे फलाट. बाजार समितीच्या भाषेत सांगायचे तर ओटा.

ओटा म्हटल्यावर बुलढाणा जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ही विद्या नवी राहत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. खामगावची पेठ तेव्हा फुगली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंबपासून खामगावपर्यंतचा १२-१३ किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला. एवढ्याशा अंतरासाठी रेल्वे कशाला? कापूस दाबून गाठी करायच्या आणि थेट मुंबईच्या बंदरावर न्यायच्या म्हणून. बाजाराला तारेची जोड मिळाली. लिव्हरपूलचा भाव व्यापाऱ्याला कळू लागला. तो शेतकऱ्याला सांगण्याची सोय मात्र कोणी केली नाही. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा हा देशातला अशा जातीचा पहिला कायदा म्हणून सांगितला जातो. त्याच्या कमिट्यांवर भरणा होता व्यापाऱ्यांचा.

म्हणजे ओटा, रेल्वे, तार आणि कायदा, चारही गोष्टी आपल्या दारात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आल्या. माल आपला होता. चारांपैकी एकही आपली नव्हती.

ओट्याची ताकद कशात असते? जवळचा बाजार टाकून गाड्या खामगावला का जात? तिथे घेणारे पुष्कळ म्हणून. घेणारे तिथे का येत? तिथे गाड्या पुष्कळ म्हणून. गर्दी गर्दीला ओढते. आठवडी बाजाराचा वार बदलून पाहा म्हणजे समजेल. फोनवरच्या कंपन्यांचे गणित हेच. म्हणून गर्दी जमेपर्यंत त्या पदरचे पैसे घालतात. ओला-उबरने सुरुवातीला ड्रायव्हरला फेऱ्यांमागे बोनस दिला, गिऱ्हाइकाला स्वस्तात फिरवले. पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. गर्दी जमली आणि बोनस आटला. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ड्रायव्हरांना संप करावा लागला. खेडा खरेदीला येणारा व्यापारी पहिल्या आठवड्यात चढा भाव देतो आणि गाव त्याच्या काट्यावर आले की कट्टी सुरू करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की खेड्यातला व्यापारी तोंडासमोर तरी असतो. फोनमधल्या मालकाशी भांडायला कुठे जायचे?

एकाच मालकाच्या हाती ओटा गेला की काय होते ते सरकारलाही कळले आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात भारताच्या स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोनच्या बाजारातल्या आपल्या दांडगाईचा कंपनीने गैरवापर केला, असा ठपका होता. दंड योग्यच. पण एकच ओटा असणे वाईट हा शोध सरकारला गुगलच्या वेळी लागावा याची मौज वाटते. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आणली तेव्हा काय केले होते? कापूस विकायचा तर सरकारलाच, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारी मध्य प्रदेश. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या कास्तकाराला सातपुड्यापलीकडचा भाव कानावर येई, पण कापूस पलीकडे नेला तर तो गुन्हेगार. योजनेने काही हंगामांत आधार दिला हे आम्ही नाकारत नाही. पण रांगा आणि लांबलेले चुकारे ज्यांनी भोगले त्यांना विचारा. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मिळाली तेव्हा कुठे तो कोंडवाडा सैल झाला.

मग नव्या यंत्राला शिव्या देत बसायचे का? अजिबात नाही. यंत्राने फायदा झाल्याचा दाखला शेजारीच आहे. २००० साली आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, त्यावर भाव, आणि माल नेला तर इलेक्ट्रॉनिक काटा. कंपनीने हे पुण्य म्हणून केले नाही, तिला सोयाबीन हवे होते. पण गंमत पुढे आहे. अभ्यासकांनी तिथल्या मंड्यांचे भाव तपासले तेव्हा ई-चौपाल आलेल्या भागात मंडीतलाच भाव १ ते ३ टक्के वाढलेला आढळला. म्हणजे जो शेतकरी कंपनीकडे गेलाच नाही त्यालाही दोन पैसे जास्त मिळाले. दुसरा ओटा उघडला म्हणून पहिल्याला शुद्ध आली. आम्ही बाजारस्वातंत्र्याचा आग्रह धरतो तो याचसाठी. कष्ट दोघांचे सारखेच होते, शेतकऱ्याला जायला दुसरे दार मिळाले.

सरकारचा ई-नाम १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाला आणि २०२० पर्यंत हजार बाजार त्याला जोडले गेले. कागदावर खामगावचा माल कोइमतूरचा माणूस घेऊ शकतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याच बाजारातले तेच व्यापारी आता संगणकावर बोली लावतात. कारण साधे आहे. लांबच्या माणसाला माल दिसत नाही. धाग्याची लांबी किती, ओलावा किती, कचरा किती, हे भरवशाच्या प्रयोगशाळेने सांगितल्याशिवाय तो बोली लावणार कशी? भाव हर्रासात ठरतो असे आपण समजतो. निम्मा भाव त्याआधी ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर ठरलेला असतो. कापूस निगमच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. ते यंत्र कोणाच्या हातात आहे, हा लाख मोलाचा प्रश्न आहे.

२०२५-२६ च्या हंगामात निगमने 'कपास किसान' हे ॲप आणले. हमीभावाने कापूस द्यायचा तर फोनवर नोंदणी. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११०. नोंदणीने रांग कमी होत असेल तर चांगलेच. पण त्याच २०२५ च्या ऑगस्टात सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. बाहेरचा भाव दाबायचा आणि हमीभावाच्या एकाच दाराशी गर्दी करायला लावायची. त्या दारावर फोन लावला काय किंवा चपराशी बसवला काय!

ज्वारीवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. सोयाबीनने ज्वारीची वावरे खाल्ली, आणि आता शहरातली मंडळी ज्वारीचे पीठ फोनवरून घरी मागवतात, तब्येतीसाठी. पीठ दळणारा वेगळा, पिशवीवर नाव छापणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. सगळ्यांना आपापली किंमत ठाऊक असते. पोत्याला किती मिळेल हे एकट्या पिकवणाऱ्याला ठाऊक नसते.

आपला स्वतःचा ओटा होऊ शकतो का? नाशिक जिल्ह्यात मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०११ च्या सुमारास सह्याद्रीची शेतकरी कंपनी उभी केली. द्राक्ष पिकवणारेच तिचे भागीदार. तपासणी, शीतगृह, परदेशी गिऱ्हाईक, सारे शेतकऱ्यांच्या ओट्यावर. आमच्यातले काही म्हणतील, ते पाण्याचे द्राक्षबागाईतदार, आपण कोरडवाहू. बरोबर आहे. द्राक्षासारखा पैसा कापसात नाही आणि ज्वारीत तर नाहीच. २००२ च्या कायद्याने उत्पादक कंपन्यांना वाट मिळाल्यापासून कितीतरी कंपन्या अनुदानापुरत्या निघाल्या आणि फाईलीतच मेल्या, हेही डोळ्यांआड करू नये. पण सह्याद्रीकडून घ्यायचे ते द्राक्ष नव्हे. माल गोळा करणे, मोजणे आणि प्रत ठरवणे त्यांनी आधी आपल्या हाती घेतले, विक्री मागून आली. तेवढे दहा गावांच्या कापसालाही जमते. एक खात्रीचा काटा, एक ओलावा मोजण्याचे यंत्र, दहा-बारा जणांचा एकजिनसी माल, आणि जिनिंगवाल्याला सांगायला एकच तोंड.

थांबता येणे हाही ओट्याचाच भाग आहे. मालकाला घाई नसते, आपल्याला असते. सावकार, दुकानदार आणि लग्नाची तारीख दारात उभी असते. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. कापूस त्यात बसत नाही, ज्वारी, तूर, सोयाबीन बसते. ही योजना आपापल्या बाजार समितीत चालू आहे की नुसती फलकावर आहे, याची चौकशी आपणच करायला हवी.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या आणाव्यात. घरचे वजन केले असेल तर तेही लिहून आणावे. ओलाव्यापोटी किती कापले, हमाली-तोलाई किती, चुकारा किती दिवसांनी मिळाला, ॲपवर नोंदणी कोणी करून दिली आणि त्याने पैसे घेतले काय, एवढे कागदावर असावे. फोनवाल्या पोरांनाही सोबत आणा. त्यांनी ते सारे एका तक्त्यात भरायचे आहे. तालुकावार काटा कुठे किती खातो ते त्यातून दिसेल, आणि पहिले यंत्र कोणत्या गावात बसवायचे ते त्याच दिवशी ठरवू.