‘मोटिफ’ कुणाचा?

‘मोटिफ’ या इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ सरळ आहे : कलाकृतीत पुन्हा पुन्हा येणारी आकृती, सूर किंवा कल्पना. पैठणीच्या पदरावरचा मोर, लुगड्यावरची कोयरी हे मोटिफ. मराठी समीक्षेत त्याला ‘कल्पनाबंध’ म्हणतात. इथपर्यंत तक्रार नाही. पण आकृती आपोआप ‘येत’ नाही, कुणीतरी ती पुन्हा पुन्हा काढत असतं. आणि घरातल्या भिंती, रांगोळी, गोधडी यांच्या बाबतीत हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा बाई असते.

वारली चित्रांचंच बघा. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. मधोमध पालघट देवी. चौक काढणाऱ्या सवाष्णी, आणि गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही बाईच. चौकाशिवाय लग्न लागत नाही. (सवाष्णपणाची अट आम्हाला मान्य नाही, परंपरेचे गोडवे गायला आम्ही बसलेलो नाही.)

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा मशे जगभर पोचले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेबद्दल वाद नाही, आदिवासी कलावंताचा सन्मान हा आपलाही आनंद आहे. प्रश्न व्यवस्थेला आहे. भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं ‘काम’ होतं. कागदावर येऊन किंमत लागली, तेव्हा त्याची ‘कला’ झाली आणि कलावंत म्हणून पुरुष पुढे आला. स्वयंपाक बाईचा आणि आचारी पुरुष, तसंच हे.

आता पिशव्या, कप, सरकारी इमारतींच्या भिंती, सगळीकडे ‘वारली मोटिफ’ आहे. ना लग्न, ना देवी, ना धवलेरी. उरली ती नुसती नक्षी, कुणीही उचलावी अशी.

काही जण म्हणतात, परंपरा सामूहिक असते, नावं कशाला हवीत? ठीक आहे. मग मोबदलाही सामूहिक द्या! श्रेय वाटताना समूह आणि पैसे घेताना व्यापारी, हा कुठला न्याय?

‘मोटिफ’ आणि ‘मोटिव्ह’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. ‘हलवणे, प्रवृत्त करणे’ हा त्या मुळाचा अर्थ. म्हणजे आकृतीमागे हेतू असतो. तो काढणारीचा असतो. आकृती उचलून हेतू टाकून देणं ही शुद्ध उचलेगिरी आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, प्रदर्शनात जाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा : हे काढलं कुणी? आणि तिला मिळाले किती? बचतगटांच्या प्रशिक्षणात, डिझाइनच्या वर्गांत, खरेदीच्या पावतीवर तिचं नाव आणि तिची मजुरी लिहिली जावी, हा आग्रह धरा. आपल्या कलेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट म्हणजे बाईचं नाव गाळणं. हा मोटिफ मात्र आता बदललाच पाहिजे.