सूर गेला, जोर राहिला

लोणारचे सरोवर पाहायला बाहेरगावचा पाहुणा आला, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला माणूस त्याला दोन कथा सांगतो. पहिली शास्त्रज्ञांची. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी इथल्या काळ्या बेसाल्टवर येऊन आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर तयार झाले. दुसरी पुराणातली. लवणासुराने या मुलखात उच्छाद मांडला, तेव्हा विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला. लोणार गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर ही दुसरी कथा आजही जागती ठेवून आहे. आकाशातून कोसळलेला गोळा आणि दैत्याला लोळवणारा वीर, ही दोन्ही ज्या जिल्ह्यात एकाच गावी भेटतात, त्या जिल्ह्याला हॉलिवूडच्या महानायकांचे अप्रूप वाटायला नको. पण वाटते खरे, आणि ते केवळ पोरासोरांनाच वाटते असेही नाही.

२०२५च्या जुलैमध्ये 'सुपरमॅन'चा नवा चित्रपट आला, तेव्हा नातवाच्या हट्टापायी मी अकोल्याला जाऊन तो पाहिला. पडद्यावरच्या इमारती कोणी पाडल्या आणि कोणी सावरल्या, हे मला नीटसे कळले नाही. पण मध्येच एक ओळखीची धून कानावर आली आणि मी सावरून बसलो. ती होती १९७८च्या 'सुपरमॅन'मधली, जॉन विल्यम्स यांनी बांधलेली आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेली. नव्या चित्रपटाचे संगीतकार जॉन मर्फी आणि डेव्हिड फ्लेमिंग. त्यांनी स्वतःचे पुष्कळ काही केले आहे. पण नायकाची ओळख पटवायची वेळ आली, तेव्हा त्यांना ४७ वर्षांपूर्वीच्या सुरांकडेच परतावे लागले. मधल्या काळात महानायकांचे इतके चित्रपट येऊन गेले. त्यांतल्या किती जणांची धून आपल्याला गुणगुणता येते, असा प्रश्न मी परतीच्या बसमध्ये नातवाला विचारला. त्याने दोन-तीन नावे घेतली आणि मग तो थांबला. "आबा, म्युझिक भारी असतं, पण आठवत नाही," असे तो म्हणाला. या लेखाचा विषय त्या एका वाक्यात आला आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या मेहकर भागात लग्नसराईत बॅण्ड वाजवणारे एक वयस्क मास्तर माझ्या परिचयाचे आहेत. मी शाळेतला मास्तर, ते बॅण्डमधले. म्हणून ते मला 'गुरुजी' म्हणतात आणि मी त्यांना 'मास्तर'. चहाच्या टपरीवर नातवाचा मोबाइल त्यांच्या कानाशी धरून मी त्यांना आधी विल्यम्स यांची धून ऐकवली. नाव सांगितले नाही. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढले आणि तिचे तोंड अचूक धरले. त्यात नवल नाही. त्या धुनेचा पायाच षड्जावरून पंचमावर घेतलेल्या झेपेवर आहे. सा आणि प हे तर तंबोऱ्याचे, सनईच्या सुराचे, आपल्या कानात जन्मापासून मुरलेले स्वर. मग मी अलीकडच्या एका महानायकपटाचे संगीत लावले. मास्तरांनी मिनिटभर ऐकले, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "याले सूर नाई गुरुजी, नुसता जोर हाय."

मास्तरांचा निकाल थोडा कडक आहे, हे मी मान्य करतो. प्रत्येक नायकाला गुणगुणता येईल अशी चाल असलीच पाहिजे, असा काही नियम नाही. 'द डार्क नाइट' (२००८) या चित्रपटात हान्स झिमर यांनी जोकरसाठी जवळजवळ एकच स्वर ताणत नेला आहे. तो कानाला बोचतो आणि बोचावा म्हणूनच आहे. झिमर यांनी पुढे 'मॅन ऑफ स्टील'साठी (२०१३) अनेक नामांकित ड्रमवादक एकत्र बसवून सुपरमॅनला नवा ठेका दिला, तोही विचारपूर्वक. अडचण झिमर यांची नाही, त्यांच्या नकलांची आहे. त्यांनी एका कथेसाठी जे शोधले, ते इतरांनी सरसकट सगळीकडे लावले.

हे का घडले, याची कारणे कारखान्यात शोधली पाहिजेत. चित्रपटाचे संकलन चालू असताना दृश्यांखाली एखाद्या जुन्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून ठेवण्याची तिकडे रीत आहे. महिनोन्‌महिने ते ऐकून दिग्दर्शकाच्या कानाला त्याचीच सवय होते, आणि मग संगीतकाराला 'असेच काही तरी द्या' असे सांगितले जाते. त्यातून दुसऱ्याची सावली जन्माला येते. दुसरे कारण संगणकाचे. आता चित्रपटाची काटछाट शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते. चालीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. मधले चार सेकंद कापले तर ती लंगडी होते. ठेका आणि घुमता खर्ज मात्र कुठेही तोडा, कुठेही जोडा. तिसरे कारण पैशाचे. व्हायोलिनचा, ट्रम्पेटचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून साठवलेला असतो आणि की-बोर्डवर बोट ठेवले की शंभर वादकांचा भास होतो. शंभर वादकांना बोलवायचे, तर त्यांचा मेहनताना आला, स्वरलिपी आली, तालीम आली.

ही कथा आपल्याला परकी नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ती आधीच घडून गेली आहे. सिनेमातला आपला पहिला उडणारा महानायक म्हणजे हनुमान. दादासाहेब फाळक्यांनी १९१७च्या 'लंकादहन'मध्ये त्याला आकाशातून नेले. चित्रपट मुका होता. पण त्या काळी पडद्यापुढे पेटी-तबला घेऊन वादक बसत. नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटांचा हनुमान उभा आहे. तिथून जाताना मला हटकून त्या अनाम पेटीवाल्यांची आठवण होते. महानायकाला पहिले बळ त्यांनी दिले.

पुढे चित्रपट बोलू लागले आणि गोव्याचे वादक मुंबईत आले. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेली ही मंडळी. मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट होता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभा करण्याचा प्रयत्न केला. त्यांचेच एक शिष्य प्यारेलाल. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल या जोडीचा भलामोठा वाद्यवृंद हे त्या काळचे वैभव होते, आणि अदृश्य होणाऱ्या नायकाचा 'मिस्टर इंडिया' (१९८७) त्यांच्याच संगीताने नटला. सिंथेसायझर आला आणि नव्वदच्या दशकात प्रोग्रॅमिंगचे राज्य सुरू झाले. व्हायोलिनच्या ओळीच्या ओळी घरी बसल्या. 'क्रिश' (२००६) आला तोवर गाणी राजेश रोशन यांची आणि पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचे, अशी वाटणीही अंगवळणी पडली होती.

याचा हिशेब कुठे येऊन थांबतो? माझ्या मते तो आमच्या जिल्ह्यातल्या लग्नाच्या मांडवात येऊन थांबतो. मुंबईचा वाद्यवृंद मेहकर-चिखलीच्या माणसाने कधी पाहिला नाही. त्याला क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम भेटले ते वरातीतल्या बॅण्डमध्ये. मेरठच्या जली कोठीत घडलेली पितळी वाद्ये, झालरीचे कोट आणि स्वरलिपीचे अक्षर न वाचता केवळ कानाने उचललेली गाणी. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या बॅण्डवाल्यांवर 'ब्रास बाजा' (२००५) आणि मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांवर 'बिहाइंड द कर्टन' (२००८) अशी दोन पुस्तके लिहिली. एकाच माणसाला हे दोन्ही विषय घ्यावेसे वाटले, हे मला सूचक वाटते. स्टुडिओ आणि वरात ही एकाच घराची दोन दारे होती.

आज दोन्ही दारे लोटली गेली आहेत. मास्तरांच्या बॅण्डमध्ये एके काळी अठरा माणसे होती, आता चार उरली. बाकीचे कोणी पुण्याच्या कारखान्यात, कोणी हमालीला. मास्तरांचा धाकटा मुलगा डीजेच्या गाडीवर आहे. बाप फुंकून जेवढे महिन्यात मिळवतो, तेवढे मुलगा एका वरातीत बटण दाबून आणतो, आणि बापाला त्याचा राग येत नाही. "पोराचं पोट भरते ना," एवढेच ते म्हणतात. पण वरात पुढे सरकली की छाती हादरते, भांडी वाजतात आणि दुसऱ्या दिवशी कालची धून कोणाला आठवत नाही. माझ्या नातवाचे सिनेमाबद्दलचे वाक्य इथेही तंतोतंत लागू पडते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर सविस्तर निकाल दिला आहे. गणपती आले की दरवर्षी डेसिबलवर चर्चा होते. ती व्हावीच. पण प्रश्न फक्त डेसिबलचा नाही. आवाज कमी केला म्हणून सूर परत येत नाही. त्यासाठी फुंकणारा माणूस लागतो, आणि तो घडायला वर्षे लागतात.

याला उतारा नाही असे नाही. 'ब्लॅक पँथर' (२०१८) या महानायकपटासाठी लुडविग योरान्सन हे स्वीडनचे संगीतकार सेनेगलला गेले, तिथल्या गायक-वादकांबरोबर फिरले, 'बोलणारा' ढोल त्यांनी ऐकला, आणि तो वाद्यवृंदाच्या मध्यभागी आणून ठेवला. त्या संगीताला २०१९ मध्ये ऑस्कर मिळाले. आपल्याकडे अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी (२०१६) मातीतल्या चालींना सिम्फनीची जोड दिली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. मात्र तो वाद्यवृंद त्यांना अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित करावा लागला. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. पण त्यातही परदेशातून आलेले वादक मोठ्या संख्येने दिसत आले आहेत. अकरा कोटींहून अधिक वस्तीच्या या राज्याला आपल्या वीरांसाठी तुतारीपासून व्हायोलिनपर्यंत सारे वादक घरचे मिळू नयेत?

वीरांची तर आपल्याकडे वाण नाही. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माणसांचा महापूर लोटतो. तान्हाजी, बाजीप्रभू, संभाजीराजे यांच्यावर चित्रपट निघतात आणि चालतात. या चित्रपटांना पैसा आहे, प्रेक्षक आहे. त्यांच्या निर्मात्यांनी एकदा तरी आमच्याकडचे डफडे, संबळ आणि बॅण्डमधली क्लॅरिनेट स्टुडिओत न्यावी. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची राज्य सरकारची योजना आहे. तीत बॅण्डमधल्या वादकाकडे कलावंत म्हणून पाहायचे की मजूर म्हणून, हे एकदा स्पष्टपणे ठरवावे. आणि ज्या शाळांकडे घोषपथकाची वाद्ये कपाटात धूळ खात पडली आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन तास अशा मास्तरांना बोलवावे. मी आयुष्यभर शाळेत काढले आहे. त्या कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या हाती होत्या तेव्हा मीही ती कपाटे क्वचितच उघडली, हेही कबूल केले पाहिजे.

येत्या मे महिन्यात आमच्या घरी पुतणीचे लग्न आहे. डीजे आणायचा नाही, असे मी जाहीर केले आणि तरुण मंडळींचा रोष पत्करला. मास्तरांना इसार देऊन आलो. पैसे खिशात घालताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की चार माणसांत वरात भरत नाही, निदान अकरा तरी लागतील. उरलेले सात कुठून आणायचे? ते अजून शोधत आहेत.