आहारविवेक : लोणी नव्हे, तूप साठवावे

घरी दूध अधिक आले की लोणीही अधिक निघते. आठवडाभर ते शीतकपाटात साठवून एकदम कढविण्याची रीत आज अनेक घरांत रूढ आहे. श्रावकाचारास मात्र ती संमत नाही. आचार्य अमृतचंद्रांचे ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ व आचार्य हेमचंद्रांचे ‘योगशास्त्र’ हे दोन्ही ग्रंथ मध, मद्य व मांस यांच्यासह लोणीही त्याज्य मानतात. ताकातून निघालेल्या लोण्यात अंतर्मुहूर्त, म्हणजे फार तर ४८ मिनिटे, लोटताच सूक्ष्म जीव उपजतात, अशी परंपरेची धारणा आहे.

व्यवहारही याला पुष्टी देतो. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. घरच्या लोण्यात ताकाचा अंशही उरतो. म्हणूनच ते आंबते व खवट होते. थंडाव्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

यास्तव घुसळण थोडी व वरचेवर करावी आणि निघालेले लोणी तत्काळ मंद आचेवर ठेवावे. तडतड थांबून बेरी तांबूस झाली, की पाणी उडाले असे समजावे. कोमट तूप गाळून कोरड्या बरणीत भरावे. ओला चमचा घालू नये. चव व वास बदलेपर्यंत असे तूप ग्राह्य राहते. साठवणीचा लोभ सुटला, तर जीवदयाही साधते आणि नासाडीही टळते.