खेळ खेळणारे की खेळ घडविणारे?

सुट्टी लागली की वस्तीतल्या ओट्या-ओट्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेली मुले दिसतात. आईवडील ओरडतात, मोबाईल काढून घेतात आणि चार दिवसांनी परत देतात. पण हा खेळ कोणी केला, कसा केला, तुला करता येईल का, हे मुलाला कोणी विचारत नाही. खेळणारे आपण आणि घडविणारे दुसरेच कोणी, हे आपण मनोमन मान्य करून टाकले आहे काय?

1972 साली अमेरिकेतील अटारी कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला नोलन बुशनेल यांनी केवळ सरावासाठी एक काम दिले. पडद्यावर एक ठिपका, दोन फळ्या आणि गुणफलक. त्या सरावातून ‘पाँग’ हा गाजलेला खेळ जन्मला. तेव्हा तो विद्युत मंडले जोडून केला होता. आज तोच खेळ पायथॉन या मोफत संगणकीय भाषेत शंभर-सव्वाशे ओळींत लिहिता येतो. प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या मुलाने सुरुवात येथूनच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यात शिकायचे काय? चेंडूची जागा म्हणजे दोन आकडे, एक आडवा आणि एक उभा. वेग म्हणजे आणखी दोन आकडे. दर क्षणी जागेत वेग मिळवायचा आणि चित्र पुन्हा काढायचे. चेंडू वरच्या भिंतीला लागला की उभ्या वेगाचे चिन्ह बदलायचे. शाळेत रुक्ष वाटलेले धन-ऋण आणि निर्देशांक येथे डोळ्यांदेखत धावू लागतात.

आम्ही वकिली करतो. कायद्याच्या कलमातही ‘जर असे, तर तसे’ असते आणि मागे परंतुक असते. मात्र कलमाचा अर्थ लावायला न्यायाधीश असतो. संगणक लिहिले तेवढेच करतो. समजा, ‘चेंडू फळीला लागला की दिशा उलटव’ असे लिहिले. चेंडू फळीत किंचित घुसला आणि पुढच्या क्षणीही तेथेच सापडला, तर दिशा पुन्हा उलटते आणि चेंडू फळीला चिकटून थरथरत राहतो. संगणक चुकलेला नसतो, नियम अपुरा असतो. ‘डाव्या फळीला लागला तर उजवीकडेच जा’ असे लिहिले की दोष जातो. हा दोष स्वतः शोधणारे मूल विचार करायला शिकते. प्रमाणपत्रापुरता संगणक वर्ग त्याला हे देत नाही.

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात खेळ लिहून देते, मग शिकायचे कशाला? अर्ज लिहून देणारा कोर्टाच्या दारात बसतो, म्हणून आपण लिहा-वाचायचे सोडले काय? ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवतो. कर्जाचा अर्ज, नोकरीची छाननी, शिष्यवृत्तीची यादी आज संगणकाच्या नियमांवर चालते. ते नियम कसे लिहितात हेच ठाऊक नसेल, तर जाब तरी काय विचारणार?

इंग्रजीची धास्ती नको. पायथॉनचे राखीव शब्द अवघे 35 आहेत. लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2007 साली खुले केलेले ‘स्क्रॅच’ मोफत आहे. त्यात रंगीत ठोकळे जोडून खेळ होतो.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आमचे अनेक तरुण संगणकावर पोट भरतात. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. वस्तीच्या वाचनालयात, विहारात, वसतिगृहात एखादा जुना संगणक ठेवावा आणि मुलींना आधी बसवावे. चार खेळ अर्धवट सोडण्यापेक्षा एक छोटा खेळ पुरा करून घ्यावा. तो शेजारच्या मुलांनी खेळावा, त्यातल्या चुका दाखवाव्यात आणि करणाऱ्याने त्या दुरुस्त कराव्यात. या सुट्टीत एवढे झाले तरी पुष्कळ झाले.