पाण्यापर्यंतची वाट

हॉटेलवाले खोलीचे भाडे दोन दरांनी सांगतात. रस्त्याकडची खोली असेल तर एक दर आणि पाण्याकडे तोंड केलेली असेल तर दुसरा. पलंग तोच, गादी तीच, नळाला येणारे पाणीही तेच. जास्तीचे पैसे खिडकीतून दिसणाऱ्या नदीचे. ही नदी हॉटेलवाल्याने बांधलेली नाही, तिच्या उगमाला त्याने पाणी घातलेले नाही. तरी तो ती विकतो आणि आपण आनंदाने विकत घेतो. खिडकीतून पाहण्याचे पैसे घेतले म्हणून मी तक्रार करणार नाही. हौसेला मोल असतेच. मला म्हणायचे आहे ते त्या खिडकीखालून जाणाऱ्या वाटेबद्दल.

गेल्या हिवाळ्यात एल.टी.सी. घेऊन आम्ही दादरा नगर हवेलीला गेलो. कचेरीत अर्ज दिला तेव्हा शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "तें खंय आयलें?" विचारणारा पदवीधर, वय तीसच्या आतले. त्याला दोष देत नाही. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे जुन्या कारकुनांना दमण-दीवची बदली तरी ठाऊक होती. दादरा नगर हवेली १९६१ पासून वेगळी. २६ जानेवारी २०२० ला ती दमण-दीवशी जोडली गेली, तेही आमच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर आले असेल तेवढेच.

खरे तर गोवा मुक्तीची पहिली पायरी हीच. २१ आणि २२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतले. मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाची पोरे त्यात होती, पुण्या-मुंबईकडचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण होते, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. आमचा १९ डिसेंबर उजाडायला त्यानंतर सात वर्षे लागली. एवढे कारण प्रवासाला पुरेसे होते.

कोकण रेल्वेने वापीला उतरायचे आणि तिथून सिल्वासाचा रस्ता धरायचा. वाटेत दादरा लागते. दादरा म्हणजे दादरा, देमणी आणि तिघरा ही तीन गावे. चहूबाजूंनी गुजरात, नगर हवेलीला कुठेच चिकटलेली नाहीत. तिथे वनगंगा नावाचे तळे आहे. मध्ये बेटे, त्यांवर पूल, काठाने फिरायची वाट, नावेची सोय. हिंदी सिनेमांची गाणी तिथे चित्रित झाली आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी वापीच्या कारखान्यांतली कामगार कुटुंबे डबे उघडून काठावर बसली होती. तिकीट काढले की ज्याला जिथे हवे तिथे बसता येते. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचे चित्र वेगळे आहे.

आमचे हॉटेल सिल्वासाबाहेर, दमणगंगेच्या काठावर. नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका हॉटेलची नाही. शनिवारी ते गच्च भरते. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, तेव्हा सीमेपलीकडच्या गाड्या संध्याकाळीच येऊन लागतात. जेवण चांगले, नोकर अदबीचे. स्वागतकक्षाच्या भिंतीवर वारली चित्र होते. तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती हातात हात धरून नाचणारी माणसे. बाहेर हिरवळ नदीपर्यंत गेलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंत. भिंत संपते तिथून तारेचे कुंपण, ते थेट पाण्यात उतरलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहिले. डोक्यावर कपड्यांची घमेली घेतलेल्या दोन बायका नदीच्या कडेकडेने येत होत्या. कुंपणापाशी आल्या आणि सवयीने वळून चढ चढून रस्त्याला लागल्या. थांबल्या नाहीत, कोणाशी बोलल्या नाहीत. चहा आणणाऱ्या पोराला मी विचारले. तो म्हणाला, "आधी हितून वाट होती, साहेब. आता फिरून जातात." तो दुधनीकडचा. घर कुठे, शेती किती, असे आपण सहज विचारतो तसे विचारले, तर म्हणाला, "आजाचा शेत पान्यात गेला."

पाण्यात म्हणजे मधुबन धरणात. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि दमणला मोटी दमण व नानी दमण यांच्या मधून समुद्राला मिळते. मधुबनचे धरण गुजरातेत, पण त्याच्या जलाशयाचा मोठा पसारा नगर हवेलीत. दुधनी, कौंचा ही गावे त्याच्या काठाला. जमिनी गेल्या त्या वारली, कोकणा अशा आदिवासींच्या. आज दुधनीला रंगीत छताच्या नावा फिरतात, पर्यटक त्याला इथले काश्मीर म्हणतात. दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. पण ते दृश्य ज्यांच्या शेतांवर उभे आहे त्यांची नातवंडे त्यात नाव वल्हवतात किंवा चहाचा ट्रे आणतात.

या प्रदेशात माणसांना न विचारता पाण्याचे हिशेब चुकते करण्याची परंपराच जुनी आहे. मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे सांताना नावाचे जहाज घालवले, त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पेशव्यांनी वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल देण्याचे कबूल केले. त्यापोटी १७८३ आणि १७८५ मध्ये नगर हवेलीची गावे पोर्तुगीजांकडे गेली. भांडण समुद्रावरचे, दंड डोंगरातल्या वारल्याने भरला. त्याने जहाज पाहिलेही नसेल.

आणि याच भूमीच्या निमित्ताने जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात वाटेचा खटला चालला, हे किती जणांना ठाऊक आहे? दादरा-नगर हवेली हातची गेल्यावर पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या गावांकडे जायला भारताच्या जमिनीवरून आम्हाला वाट आहे, असे त्यांचे म्हणणे. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. न्यायालयाने म्हटले, सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटेचा हक्क होता, कारण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तशी ये-जा चालू होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी मात्र असा हक्क नव्हता. आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नाही. निकाल आपल्या बाजूचा, म्हणून आपण तो पेटीत ठेवून दिला. पण त्यातला मुद्दा पाहा. पिढ्यान्‌पिढ्या सामान्य माणूस ज्या वाटेने निमूट जातो, ती वाट कागदावर नसली तरी हक्क बनते. मराठीत याला फार जुना शब्द आहे, वहिवाट. हेगच्या न्यायमूर्तींनी दादऱ्याच्या संदर्भात जे मान्य केले, ते कपड्यांचे घमेले घेऊन जाणाऱ्या बाईला दमणगंगेच्या काठावर कोणी मान्य करायचे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकदा स्पष्ट शब्दांत केले आहे. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका मोटेलने वनजमीन वापरली आणि नदीचा प्रवाह वळवण्याचे उद्योग केले. एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या नावाने तो खटला ओळखला जातो. १३ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नदी, किनारा, हवा यांसारख्या गोष्टींचे सरकार मालक नसते, विश्वस्त असते, आणि विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. मोटेलच्या खोल्यांपासून नदीच्या बाजूला चार मीटरपेक्षा जास्त अंतरावर नाही अशी कुंपणभिंत बांधायला लावली. त्यापलीकडचा काठ आणि पात्र सगळ्यांना खुले. भिंत कुठे थांबली पाहिजे हे न्यायालयाला मीटरमध्ये सांगावे लागले, यावरून आपली सवय कळते.

आता आपल्या घरात या. दोनापावलाजवळच्या वांयगिणी किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेल झाले, त्याच्या विस्तारासाठी सरकारने जमीन संपादून दिली आणि किनाऱ्यावर जाणारी लोकांची वाट हा वादाचा विषय झाला. वर्षानुवर्षे खटला चालला. २० जानेवारी २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर आमच्या सरकारने काय केले? त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचवले. २०१६ मध्ये ती दुरुस्ती न्यायालयात टिकलीही. कायद्याने सगळे ठीक झाले असेल. पण जी तत्परता एका हॉटेलच्या भिंतीसाठी दिसली, ती कुठल्या व्हाळाकडे जाणाऱ्या पायवाटेसाठी मी तरी पाहिलेली नाही.

यावर नेहमीची उत्तरे ठरलेली. हॉटेल रोजगार देते. खरे आहे, दुधनीच्या त्या पोराला पगार मिळतो. पण पगार दिला म्हणून त्याच्या आईची वाट बंद करायचा परवाना मिळत नाही. पाहुण्यांची सुरक्षितता? चार फुटांची वाट काठाने सोडून आत कुंपण घाला, कोण नको म्हणतो. लोक घाण करतात? करतात. वनगंगेच्या काठीही करतात, आणि सकाळी झाडूवाली ती गोळा करते. दमणगंगेचे खरे हाल कपडे धुणाऱ्या बायकांनी केलेले नाहीत. पुढे वापी आहे, आणि देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या २००९ च्या केंद्रीय यादीत वापीचे नाव अंकलेश्वरच्या लगोलग होते. त्या घाणीला कोणी कुंपण घातलेले ऐकिवात नाही.

शेवटचे उत्तर असे की पाण्याकाठी लोकांना मोकळे सोडले तर पर्यटक येणार नाही. त्यासाठी दमणलाच जाऊन यावे. देवका किनाऱ्याला २०२३ मध्ये सुमारे साडेपाच किलोमीटरचा फिरण्याचा मार्ग खुला झाला. संध्याकाळी तिथे हॉटेलातला पाहुणा आणि गल्लीतला पोर शेजारी चालतात. समुद्र दोघांना सारखाच दिसतो. हॉटेले काही ओस पडलेली नाहीत.

किनाऱ्याला निदान १९९१ पासून सी.आर.झेड.चा नियम आहे. तो वरचेवर सैल होत आला तरी आहे. भरती-ओहोटी जिथवर पोचते तिथवर नदीकाठालाही तो लागू होतो, म्हणून मांडवी-जुवारीच्या काठी त्याचे नाव तरी घेता येते. सिल्वासासारख्या ठिकाणी नदी गोडी, भरती तिथे पोचत नाही, आणि सगळ्या नद्यांना लागू होईल असा त्या धर्तीचा केंद्रीय नियम नाही. आमच्याही सत्तरी-सांग्यातल्या नद्या गोड्याच आहेत. आता पर्यटन किनारा सोडून आत शिरू लागले आहे, 'हिंटरलँड' हा सरकारी फाइलींचा आवडता शब्द झाला आहे. म्हादई, खांडेपार, साळावलीच्या काठी जे उद्या होणार, ते दमणगंगेच्या काठी आज पाहता येते.

टेबलावर कागद ढकलणाऱ्या माणसाला सुचते ते कागदाचेच असते, तरी सांगतो. आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा. पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटा, तारीच्या जागा, गणपती विसर्जनाच्या पायऱ्या, गुरे पाण्यावर नेण्याच्या उतरणी यांची नोंद पंचायतीने गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन आत्ताच करावी. हॉटेलचा अर्ज आल्यावर नव्हे, त्याच्या आधी. अर्ज आल्यावर वाट आठवणारे साक्षीदार एकाएकी कमी होतात, हा अनुभव प्रत्येक मामलेदार कचेरीला आहे. बांधकाम परवान्याच्या नकाशावर ती वाट रंगाने दाखवावी आणि फाटकाबाहेर पाटी लावावी, 'नदीकडे जाण्याचा सार्वजनिक मार्ग'. पाटीला खर्च तो काय येतो?

आणि आपण, जे पैसे देऊन पाण्याकडची खोली घेतो, त्यांनीही एक करावे. नोंदवहीत सही करताना नाश्ता किती वाजता हे विचारतोच. त्याच दमात विचारावे, गावातल्या लोकांना नदीवर जायची वाट कुठून आहे? दहापैकी नऊ ठिकाणी समोरचा माणूस गोंधळेल. शंभर जणांनी विचारले तर मालकापर्यंत जाईल. मी सिल्वासा सोडताना विचारले. व्यवस्थापक सभ्यपणे म्हणाला, "नदी आमच्या गेस्टसाठीच आहे, सर." त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. ज्या मुलखाच्या वाटेसाठी एक राष्ट्र हेगपर्यंत गेले, त्या मुलखात हे वाक्य इतक्या सहज बोलता यावे, याची मला खंत वाटते. म्हादईच्या काठी ते ऐकावे लागण्याआधी आपले रकाने भरून घेऊ या.