साक्षीविना राहिलेले शौर्य

शौर्य आणि कीर्ती या दोन भगिनी नेहमी हातात हात घालून चालतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कीर्ती पुष्कळदा मागे रेंगाळते आणि कधी कधी तर वाट चुकते. भूमीवर लढणाऱ्या सैनिकाच्या आसपास त्याचे सोबती असतात. ते परत येऊन त्याची कथा सांगतात. लढाऊ वैमानिक मात्र बहुधा आपल्या विमानात एकटाच असतो. शत्रूच्या आकाशात तो झुंजला आणि परतला नाही, तर त्याच्या पराक्रमाची साक्ष कोणी द्यावी?

कोडगूचे सुपुत्र स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ७ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे आपल्या वायुदलाच्या पहिल्या तुकडीची मिस्टियर विमाने आदमपूरहून निघून पाकिस्तानातील सरगोधा या बलाढ्य विमानतळावर चालून गेली. देवय्यांचे नाव राखीव वैमानिकांत होते. तरी ते मोहिमेत सामील झाले. परतीच्या वाटेवर पाकिस्तानी वायुदलाचे एक स्टारफायटर विमान त्यांच्या मागे लागले. स्टारफायटर म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारे, त्या काळचे अत्यंत आधुनिक अमेरिकन यंत्र. मिस्टियर त्या मानाने जुने आणि मंदगती. देवय्यांच्या विमानाला मार बसला. तरीही पळ न काढता ते उलटून लढले आणि त्यांनी ते बलाढ्य विमान पाडले. त्याचे वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीच्या साहाय्याने वाचले. देवय्या मात्र परतले नाहीत. आपल्या दप्तरी त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता’ एवढीच नोंद झाली.

पुढे १९७१ च्या युद्धात हेच अमजद हुसेन अमृतसरवर पाडले गेले आणि भारतात युद्धबंदी झाले. एकमेव साक्षीदार आपल्याच भूमीवर होता आणि कथा मात्र अंधारातच राहिली! १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे, पाकिस्तानी बाजूने त्या हवाई युद्धाची हकीकत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा या झुंजीचा उलगडा होऊ लागला. मोहिमेहून परतलेल्यांपैकी कोणीही अशी झुंज दिल्याचे सांगितले नव्हते. अर्थात जो परतला नव्हता, त्याचाच तो पराक्रम होता. अखेर १९८८ साली, म्हणजे तब्बल तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

या कथेत दोषी कोण? कोणी जाणूनबुजून अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. पुराव्यावाचून पदक देऊ नये, हा नियम योग्यच आहे. परंतु पुरावा नाही म्हणून थांबणे वेगळे आणि पुरावा शोधणेच सोडून देणे वेगळे.

पुरावा डोळ्यांसमोर असूनही न्याय लांबतो, असेही जगात घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील १,०७४ महिला वैमानिकांनी कारखान्यांतून निघालेली लष्करी विमाने तळांवर पोहोचविली आणि तोफांच्या सरावासाठी कापडी निशाणे आकाशात ओढून नेली. त्या कामात ३८ जणींनी प्राण गमावले. पण नियमांच्या भाषेत त्या ‘नागरी कर्मचारी’ होत्या. त्यांना माजी सैनिकांचा दर्जा देणारा कायदा १९७७ साली झाला आणि राष्ट्राचे सुवर्णपदक लाभायला २०१० साल उजाडले. तेथे उणीव होती ती साक्षीची नव्हे, दृष्टीची.

कोणी म्हणेल, हे सारे वरातीमागून घोडे! गेलेल्याला पदकाचा काय उपयोग? हा आक्षेप मला पटत नाही. गेलेल्याला पदक नको असते, हे खरे. पण ‘बेपत्ता’ या एका शब्दाच्या आधारावर तेवीस वर्षे काढलेल्या घराला सत्य हवे असते. आणि राष्ट्राला तर ते त्याहून अधिक हवे असते. ज्यांनी आपल्यासाठी प्राण दिले त्यांचे अखेरचे क्षण ज्या समाजाला ठाऊक नाहीत, त्याची कृतज्ञता निव्वळ शब्दांपुरतीच राहते. उशिरा फेडले तरी ऋण हे फेडलेच पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, या कथेतील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या वीराची थोरवी आपल्याला प्रतिपक्षाकडील हकिकतीवरून कळली. शत्रूच्या लेखणीतून आलेले सत्यही पारखून स्वीकारावे लागते. आपल्याला हवे तेवढेच ऐकणाऱ्याला इतिहास कळत नाही. २०२५ साली याच घटनेवर आधारलेला ‘स्काय फोर्स’ हा हिंदी चित्रपट आला. त्यामुळे कथा लाखोंपर्यंत पोहोचली, हे चांगलेच झाले. मात्र पडद्यावरील नायकाचे नाव वेगळे आहे. खरे नाव देवय्या, हे आपण लक्षात ठेवायचे आहे.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आसपासच्या गावांत सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी आजोबा, काका आणि मामा आहेत. त्यांनी काय पाहिले, त्यांच्याजवळ कोण पडला, कोण परतला नाही, हे त्यांना कोणी विचारले आहे का? या सुट्टीत एक वही घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते तारखेसह, नावासह, गावासह लिहून ठेवा. अलंकार नकोत, अतिशयोक्ती तर मुळीच नको. जे त्यांना आठवत नाही, ते आपल्या पदरचे घालू नका. पदके देणे सरकारच्या हाती आहे; साक्ष जपणे मात्र तुमच्याआमच्या हाती आहे, आणि ती देणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.