माउस ग्राहकाच्याच हाती

ब्राउझरमधून स्क्रीन शेअर करायला सर्वांत सोपे साधन कोणते, असे वाचक वारंवार विचारतात. डावीकडे साधनांची नावे, पुढे सोयींचे रकाने आणि त्यांत बरोबरच्या खुणा, असा तक्ता छापावा हा आग्रह आमच्या बैठकीतही झाला. तो तक्ता या अंकात नाही. असे तक्ते सपोर्ट देणाऱ्याच्या सोयीने आखले जातात. कॉल मात्र अडतो तो ग्राहकाच्या टोकाला. पतसंस्थेच्या शाखेतला लेखनिक, घरून हिशेब सांभाळणाऱ्या ताई, दुकानाच्या गल्ल्यावरचे काका लिंक उघडून पडदा दाखवेपर्यंत किती वेळा "आता काय दाबू?" विचारतात, हा एकच निकष आम्ही धरला. बाकीच्या सोयी त्यानंतर.

ही साधने आज सोपी आहेत, कारण खालची यंत्रणा सगळ्यांची एकच आहे. ती म्हणजे वेबआरटीसी. गूगलने 2011 मध्ये ते खुले केले. 2021 च्या जानेवारीत ते अधिकृत वेब-मानक झाले. पण सुरुवातीच्या वर्षांत पडदा दाखवण्यासाठी क्रोमला वेगळे एक्स्टेन्शन लागायचे आणि तिथेच निम्मे ग्राहक गळायचे. 2019 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी एक्स्टेन्शनशिवाय पडदा देण्याची सोय आणली. तेव्हापासून कोणतेही पान पडदा मागू शकते; देणारा ग्राहकच. काय दाखवायचे ते त्याने दर वेळी स्वतः निवडायचे, ही परवानगी कायमची देता येत नाही. काहींना ही कटकट वाटते. आम्हाला तो या साधनांचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

"एनीडेस्क टाका आणि नऊ आकडी नंबर सांगा" हे आपल्या धंद्यातले पाठ झालेले वाक्य. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले ते नेमक्या याच वाक्यावरून: फोनवरचा माणूस ॲप टाकायला लावतो, नऊ आकडी कोड मागून घेतो, परवानग्या मिळवतो आणि खाते रिकामे करतो. दोष दुरून ताबा देणाऱ्या या ॲपचा नव्हता. ते उत्तम चालते, म्हणूनच चोरांनाही आवडले. अडचण अशी की तेव्हापासून चोर आणि आपण एकाच भाषेत बोलतो, आणि या दोघांतला फरक ओळखण्याची जबाबदारी आपण ग्राहकावर टाकली आहे.

ब्राउझरमधल्या पानाला समोरच्या संगणकाचा माउस-कीबोर्ड चालवता येत नाही. त्याला फक्त दिसते. म्हणजे क्लिक ग्राहकानेच करायचे, आपण तोंडाने सांगायचे: "ताई, वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात का? त्यावर." यात वेळ जातो हे खरे. पण उद्या "तुमच्या माणसाने आमची फाइल उडवली" अशी तक्रार आली तर माउस कोणाच्या हातात होता याबद्दल वाद उरत नाही. शिवाय पुढच्या महिन्यात तीच अडचण आली की निम्मे ग्राहक फोनच करत नाहीत. (वार्षिक करारवाल्यांना यात आनंद आहे, कॉलमागे पैसे घेणाऱ्यांनी आपापला विचार करावा.) ड्रायव्हर बसवणे किंवा डेटा दुरुस्ती असे लांबलचक काम असेल तर रिमोट कंट्रोल लागतोच. आमचे म्हणणे एवढेच, की सुरुवात तिथून नको.

आता डिजिटल स्वाक्षरी पाहा, कारण आपल्याकडचे अर्धे अवघड कॉल त्याच दारातून येतात. जीएसटीचे पोर्टल टॅबमध्ये उघडे असते, पण सर्टिफिकेट निवडण्याची आणि टोकनचा पिन मागणारी चौकट ही ब्राउझरबाहेरची स्वतंत्र विंडो असते. ग्राहकाने फक्त टॅब शेअर केला असेल तर ती चौकट आपल्याला दिसतच नाही. तो म्हणतो "पासवर्ड मागतंय", आपण म्हणतो "मला तर काहीच दिसत नाही", आणि दोघेही खरे बोलत असतात. एकच विंडो शेअर केली असता प्रिंटची वा फाइल निवडण्याची चौकट अशीच हरवू शकते. प्रशासकाचा पासवर्ड मागणारा विंडोजचा मंद झालेला पडदा पूर्ण स्क्रीन दिली तरी बाहेर जात नाही. चित्र थिजते किंवा काळे होते. हा बिघाड नाही, हे माहीत असलेला तंत्रज्ञ शांत राहतो. पिन आपल्याला न दिसणे तर योग्यच. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी टॅब, गरज पडली तर पूर्ण स्क्रीन, आणि त्याआधी ग्राहकाला व्हॉट्सॲप वेब आणि मेल बंद करायला सांगायचे. नुसते पाहणेही निरुपद्रवी नसते. कोपऱ्यात उगवलेला ओटीपी वाचायला माउस लागत नाही. फायरफॉक्सच्या निवड-चौकटीत टॅबचा पर्याय नसतो, विंडो किंवा पूर्ण स्क्रीनच मिळते. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून ब्राउझरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. मॅकवाल्या ग्राहकाला हे कॉलच्या आदल्या दिवशीच करून ठेवायला सांगा.

साधनांपैकी जित्सी मीटकडे आमचा कल आहे. ग्राहकाला खाते लागत नाही, नाव टाकले की आत. 2023 च्या ऑगस्टपासून त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला लॉगिन करावे लागते. तो भार आपल्यावर पडतो, आणि तसाच पडावा. दोघेच असतील तर जोडणी शक्यतो थेट होते, तिसरा आला की सर्व्हरमार्गे. खोलीला 'सपोर्ट' किंवा 'टेस्ट' असे नाव मात्र देऊ नका. त्या नावाची खोली जगात आणखी कोणी तरी उघडतोच. गूगल मीट सर्वांना ठाऊक आहे, हीच त्याची जमेची बाजू. फुकट खात्यावर तिघे किंवा जास्त असले की 60 मिनिटांची मर्यादा, आणि खात्याचा पासवर्ड विसरलेला ग्राहक साइन-इनशीच झगडत बसण्याची शक्यता. व्हेअरबाय, म्हणजे पूर्वीचे अपिअर-इन, देखणे आहे.

ज्यांच्याकडे स्वतःचा छोटा सर्व्हर आहे त्यांनी स्क्रीगो जरूर बसवून पाहावे. मुक्त स्रोत, एकच फाइल, आणि थेट जोडणी न जुळल्यास डेटा फिरवणारा टर्न सर्व्हर आतच. त्यात आवाजाची सोय नाही, आणि आपल्या कामाला ते पथ्यावरच पडते: ग्राहक फोनवर आधीपासून असतोच. मायक्रोफोनची परवानगी नाही, प्रतिध्वनी नाही, "आवाज येतोय का?" नाही. मोठ्या कंपन्यांच्या मीटिंग-साधनांत सहकाऱ्यांना कोड नीट वाचता येईना, म्हणून एका प्रोग्रामरने ते लिहिले.

वाचता न येणे ही तक्रार आपल्याकडे जास्त टोचते. व्हिडिओचे प्रचलित कोडिंग उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवते, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. त्यामुळे एक्सेलमधले बारीक लाल आकडे पसरतात. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार आधी जातात. ग्राहकाला कंट्रोल आणि अधिक दाबून पान सव्वापट करायला सांगितले, तर कोणतेही साधन बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो. फ्रेमदर कमी असला तरी बिघडत नाही. जित्सी मूळ सेटिंगमध्ये पडद्यासाठी सेकंदाला पाचच चित्रे पाठवते, आणि टॅलीचे व्हाउचर पाहायला तेवढी पुरतात. पडदा ग्राहकाचा असल्याने ताण त्याच्या अपलोडवर येतो, आपल्या ऑफिसच्या फायबरवर नाही. मोबाइल हॉटस्पॉटवरचा ग्राहक असेल तर कॅमेरे दोन्हीकडचे बंद.

'कनेक्टिंग' म्हणत गोल चक्र फिरत राहिले तर बहुतेक वेळा कारण मधल्या जाळ्यात असते. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात, बँकांच्या शाखांतले फायरवॉल यूडीपी अडवतात. थेट रस्ता न मिळाल्यावर टर्न सर्व्हर मध्ये घेऊन, शेवटी 443 या पोर्टवरून, डेटा फिरवावा लागतो. हौसेने बनवलेल्या बऱ्याच फुकट साधनांत टर्नच नसतो, कारण त्याच्या बँडविड्थचे बिल कोणी तरी भरायचे असते. एकाच वायफायवर दोन लॅपटॉप ठेवून घेतलेली चाचणी म्हणूनच निरर्थक. एक लॅपटॉप मोबाइल डेटावर टाकून पाहा.

मोबाइलच्या बाबतीत ही सगळी साधने थांबतात. अँड्रॉइडच्या क्रोममधून किंवा आयफोनच्या सफारीतून पडदा शेअर करता येत नाही. तिथे ॲपच लागते. 2023 पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ती सोय आहे आणि ग्राहकांच्या हाताला ती सवयीची आहे. पण त्याच फोनवर बँकेचे ॲप आणि ओटीपी दोन्ही असतात. मोबाइलचा पडदा मागायची वेळ आली तर शक्य असेल तिथे ग्राहकाला समोर बोलवा, किंवा स्क्रीनशॉटवर भागवा. फसवणूक झाल्याचा संशय जरी त्याने बोलून दाखवला तरी आपला कॉल तिथेच थांबवून त्याला सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला लावा.

पुढच्या अंकात वाचकांनी घेतलेल्या चाचण्या छापायच्या आहेत. चाचणी चालू असताना क्रोममधले वेबआरटीसी-इंटर्नल्स हे अंगभूत पान उघडा आणि निवडलेली जोडणी 'होस्ट', 'एसआरएफएलएक्स' की 'रिले' आहे ते टिपून घ्या. सोबत ग्राहकाकडचे नेटवर्क, ब्राउझरची आवृत्ती, आणि लिंक पाठवल्यापासून पडदा दिसेपर्यंत लागलेली मिनिटे कळवा. विंडोज 7 वर क्रोम 109 घेऊन अडकलेल्या यंत्रांची नोंद वेगळी करा. ग्राहकाचे नाव आणि त्याच्या पडद्याचे चित्र पाठवू नका.